वाचकांचे प्रश्न : जमीन आपलीच, न बांधण्याचा शब्द तेवढा द्यायचा

प्रश्न : माण तालुक्यात आम्हां तीन भावांच्या नावे मिळून ३८ एकर माळ आहे. विहिरीला पाणी नाही. पावसाळ्यात कुसळी आणि पवन्या उगवते, त्यावर आमच्या शेळ्या आणि चार खिलार जनावरे निघतात, आणि वाडीतले मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन खाली उतरेपर्यंत त्यांची मेंढरेही तेथेच चरतात. गेल्या वर्षापासून दोन दलाल खेपा घालत आहेत. एकाला गुंठ्यांनी प्लॉट पाडायचे आहेत, दुसऱ्याला सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने हवी आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे नोकरीस असलेला पुतण्या म्हणतो की, तेथील शहर अशा माळाच्या मालकांना जमिनीवर बांधकाम न करण्याबद्दल पैसे देते आणि जमीन मालकाच्याच नावावर राहते. हे खरे आहे काय, आणि आम्हाला असे कोणी देईल काय?
— एक वाचक, दहिवडी परिसर

उत्तर : पुतण्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे, मात्र ती सांगताना त्याने दोन-तीन बाबी गाळलेल्या दिसतात, आणि निर्णय नेमका त्याच बाबींवर ठरतो.

सातबाऱ्यावर नाव असलेला मनुष्य जमीन कसू शकतो, तीत जनावरे चारू शकतो, ती गहाण टाकू शकतो, विकू शकतो, मुलांत वाटू शकतो, आणि रीतसर परवानगी घेऊन तिचे तुकडे पाडू शकतो किंवा तीवर इमारत बांधू शकतो. अमेरिकेत यांपैकी शेवटचे दोन हक्क वेगळे काढून कायमचे सोडून देता येतात. सोडलेले हक्क शहराकडे किंवा जमीन राखणाऱ्या विश्वस्त संस्थेकडे जातात. ते तिने स्वतः वापरायचे नसतात, दुसऱ्या कोणी वापरू नयेत एवढेच पाहायचे असते. या दस्ताला तिकडे ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ म्हणतात. ईझमेंटला आपल्या कायद्याच्या मराठीत सुविधाधिकार हा शब्द आहे आणि गावात आपण वहिवाट म्हणतो. फरक इतकाच की आपली वहिवाट शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेण्याची असते, ही न बांधण्याची आहे. (अशा जमिनीला तिकडे रँच म्हणतात; त्या शब्दासरशी चित्रपटातील घोडेस्वार डोळ्यांपुढे आणण्याचे कारण नाही. रँच म्हणजे गुरे चारण्याचे मोठे खाजगी रान, आणि त्या भागातील रान खडकाळपणात माणच्या माळाचा सख्खा भाऊ शोभेल.)

सॅन अँटोनियोला हे का करावेसे वाटले, ते समजून घेण्यासारखे आहे. १४ लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर मुख्यतः एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यावर जगते. साठा चुनखडीच्या भेगाळ खडकात आहे. शहराच्या वायव्येकडील आणि पश्चिमेकडील रानांत पडलेले पावसाचे पाणी ओढ्यांच्या तळातील भेगांतून आणि विवरांतून थेट खाली उतरते, वाळूच्या थरांतून उतरताना गाळले जावे तसे ते गाळले जात नाही. वर डांबर आणि काँक्रीट पसरले की पाणी मुरणे कमी होते, आणि जे मुरते ते रस्त्यावरचे तेल बरोबर घेऊन मुरते. १९७५ साली तेथील केंद्र सरकारने हा साठा त्या भागाचा एकमेव पेयजलस्रोत म्हणून जाहीर केला. पुढे २००० साली शहरातील मतदारांनी मतदान करून डॉलरमागे सेंटचा आठवा भाग इतका विक्रीकर स्वतःवर लावून घेतला. पहिला टप्पा साडेचार कोटी डॉलरचा होता. २००५ आणि २०१० साली प्रत्येकी ९ कोटींचा, तर २०१५ साली १० कोटींचा टप्पा मतदारांनी मंजूर केला. आरंभी शहराने काही जमिनी सरळ विकत घेतल्या, पण नंतर भर ईझमेंटवर गेला, कारण तेवढ्याच पैशात कितीतरी अधिक क्षेत्र राखले जाते आणि जमीन सांभाळण्याचा व्याप मालकाकडेच राहतो. आज असे राखलेले क्षेत्र दीड लाख एकरांच्या वर आहे, आणि त्यातील बरेचसे शहराच्या हद्दीबाहेर, मेदिना आणि युवाल्डी या शेजारच्या काउंट्यांत आहे. शहरातील करदात्याचा पैसा दुसऱ्या तालुक्यातील गुरे पाळणाऱ्याला द्यायचा, ही गोष्ट आपल्याकडील कोणत्याही सभागृहात मांडली तर पहिला प्रश्न काय येईल, हे सांगायला नको.

किंमत ठरते ती अशी. समजा, प्लॉट पडतील या आशेने रानाचा भाव एकरी १० लाख रुपये चालू आहे, आणि ‘यावर कधीही बांधता येणार नाही’ अशी नोंद झाल्यावर केवळ चराईसाठी घेणारा मनुष्य ४ लाखच देईल. तर सोडलेल्या हक्काची किंमत ६ लाख. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. ही सगळी रक्कम एकटे शहर देते असे नाही. २०१४ च्या अमेरिकी कृषी कायद्याने आलेली केंद्राची एक योजना शेतजमिनीच्या बाबतीत अशा किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि विशेष पर्यावरणीय महत्त्वाच्या गवताळ रानांच्या बाबतीत ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देते. उरलेला वाटा शहर, राज्य किंवा विश्वस्त संस्था उचलते, आणि पुष्कळदा त्यातील काही भाग मालक स्वतःच दान म्हणून सोडून त्यावर आयकराची सवलत घेतो. यातून एक गोष्ट उघड होते. जेथे प्लॉटवाला फिरकलेलाच नाही, तेथे बांधण्याचा हक्क सोडण्याला मोलही फारसे नसते. आपल्या माळाला असा भाव लावण्याचा प्रश्न निघतो तो दलाल दारात आला म्हणूनच.

आता पुतण्याने गाळलेल्या बाबी. पहिली म्हणजे हा शब्द कायमचा असतो. तो मुलांवर, नातवांवर आणि पुढच्या खरेदीदारावरही चालतो. जमिनीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेने आपला हक्क ईझमेंटच्या मागे राहील असे लिहून द्यावे लागते, नाहीतर कर्ज थकल्यावर सगळेच मोडते. दुसरी बाब देखरेखीची. करार होताना त्या रानाची एक जाड नोंदवही तयार केली जाते. कुंपण, गोठा, पाणवठा, कच्चा रस्ता, जे जे आहे ते नकाशावर येते. ठरावीक जागी उभे राहून ठरावीक दिशेने छायाचित्रे काढली जातात. मग दरवर्षी संस्थेचा मनुष्य येतो, त्याच दगडापाशी उभा राहून पुन्हा छायाचित्र काढतो आणि जुन्याशेजारी धरून पाहतो. गेल्या वर्षी गवत होते तेथे यंदा मुरूम टाकलेला दिसला, की पत्रव्यवहार सुरू होतो. आपल्या माळावर दरवर्षी असा परका मनुष्य वही घेऊन फिरणार, हे तिघा भावांना रुचेल का, हे आधी घरात बोलून घ्यावे.

तिसरी बाब पैशाच्या झऱ्याची. २०२० साली सॅन अँटोनियोच्या मतदारांनी तोच विक्रीकर रोजगार-प्रशिक्षण आणि बससेवेकडे वळवला, आणि भूजल राखण्यासाठी शहराला दहा वर्षांत १० कोटी डॉलर देण्याची वेगळी सोय करावी लागली. झालेले करार त्यामुळे मोडले नाहीत, परंतु नवे करार किती होणार हे दरवेळी मतपेटी आणि अंदाजपत्रक ठरवते. शिवाय करसवलतीचा गैरवापरही तेथे भरपूर झाला आहे. गुंतवणूकदारांचे गट बांधून जमिनीची किंमत वाटेल तशी फुगवायची आणि ‘दाना’वर कर वाचवायचा, हा धंदा इतका बोकाळला की २०२२ च्या अखेरीस तेथील संसदेला त्यावर कायद्यानेच मर्यादा घालावी लागली.

आपल्याला कोणी देईल काय, याचे उत्तर आज तरी नाही असे आहे. महाराष्ट्रात खाजगी माळावरील बांधण्याचा हक्क शासनाने मोबदला देऊन कायमचा विकत घ्यावा, अशी योजना नाही. उलट दुसऱ्या दलालाच्या बोलण्यामागे शासकीय योजना असू शकते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. ३८ एकरांचा हिशेब मांडल्यास वर्षाला १९ लाखांच्या घरात रक्कम जाते. दलाल याहून कमी सांगत असेल, तर त्याला मधून काढून थेट चौकशी करावी. गुंठ्यांच्या प्लॉटांना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे आणि त्याला वळसा घालून झालेल्या गुंठेवारीचे निस्तरणे सांगलीकर आजही करीत आहेत. सौर भाडे नाकारा, असे पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात राहणाऱ्याला मी सांगणार नाही. भाड्याने देणार असाल, तर ज्या ओघळीत पाणी थांबते आणि जेथे गवत दिवाळीनंतरही ओले असते तो पट्टा करारातून वगळावा, आणि मेंढरांची वाट नकाशावर काढून घ्यावी.

प्रश्न : सातारा शहराच्या पश्चिम भागाला कास तलावाचे पाणी येते. कासकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या मालकी जमिनींत बांधकामे वाढत चालली आहेत. पाणी पिणाऱ्या शहराने वरच्या शेतकऱ्यांना मोबदला देऊन ती रोखावीत, असे आपल्या नगरपरिषदेला करता येईल काय? की कायदा आड येतो?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : कायदा आड येतो असे म्हणण्यापेक्षा कायद्याकडे यासाठी तयार साचा नाही, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

आपल्याकडे आजवर बंदीचा मार्ग वापरला गेला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश जाहीर झाला; २०१२ साली पश्चिम घाटातील निवडक स्थळांबरोबर कास पठार जागतिक वारसा यादीत गेले. बंदीचे दोन गुण आहेत. ती एका अधिसूचनेने लागते आणि सरकारला काही मोजावे लागत नाही. तिचा दोषही तोच आहे, कारण ज्याच्या जमिनीवर ती बसते त्याला ती फुकट सोसावी लागते, म्हणून तो ती मनाने पाळत नाही आणि संधी मिळाली की रात्रीतून पत्र्याची शेड उभी राहते. सॅन अँटोनियोच्या मार्गात निर्बंध तितकाच कडक आहे; पण तो मालकाने किंमत घेऊन विकलेला असतो.

आता साच्याविषयी. १८८२ चा सुविधाधिकार कायदा दोन जमिनी गृहीत धरतो. एकीला फायदा होतो, दुसरीवर भार बसतो. फायदा घेणाऱ्या जमिनीवाचून, केवळ लोककल्याणासाठी, एखाद्या संस्थेच्या नावे सुविधाधिकार निर्माण होत नाही. अमेरिकेत नेमकी हीच अट राज्याराज्यांच्या कायद्यांनी काढून टाकली, आणि त्यासाठी १९८१ साली एक नमुना कायदाही तयार करण्यात आला. आपल्या १८८२ च्या कायद्यात मात्र एक फट आहे. दुसऱ्याच्या जमिनीत काही करण्याचाच नव्हे, तर काही होऊ न देण्याचा अधिकारही तो सुविधाधिकार मानतो. कासचा तलाव हीच फायदा घेणारी मिळकत आणि त्याच्या पाणलोटातील मालकी गट ही भार घेणारी, अशी मांडणी केल्यास दस्त उभा राहू शकतो. आणि मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्याच कायद्यातील कलम ४० प्रमाणे, आपल्या मिळकतीच्या लाभासाठी दुसऱ्याच्या जमिनीच्या वापरावर घेतलेला निर्बंध, त्याची माहिती असलेल्या खरेदीदारावरही चालवता येतो. ‘माहिती असलेल्या’ या दोन शब्दांसाठीच दस्त नोंदणीकृत हवा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात चढायला हवी. तलाठ्याकडे त्या रकान्यात सोसायटीचा बोजा आणि विहिरीतील हिस्सा लिहिण्याची सवय आहे. ‘पाणलोटात बांधकाम न करण्याचा निर्बंध, लाभार्थी नगरपरिषद’ अशी ओळ पहिल्यांदा लिहून घेताना दोन-तीन हेलपाटे पडतील, हे धरून चालावे.

दस्त भाडेपट्ट्याचा मात्र करू नये. ताबा दिला की कूळ लागेल, ही भीती आपल्या शेतकऱ्याच्या मनात तीन पिढ्या घर करून आहे, आणि ती निराधार म्हणता येत नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकरी संस्थेला शेतजमीन परवानगीवाचून विकत घेता येत नाही, हे वेगळेच. ताबा, पीक, गवत आणि चराई मालकाकडे ठेवून फक्त न बांधण्याचा आणि तुकडे न पाडण्याचा शब्द घ्यावा. तो मोडू लागल्यास विशिष्ट अनुतोषाच्या १९६३ च्या कायद्याखाली न्यायालयाकडे मनाई मागता येते.

मोबदल्याची कल्पनाही आपल्याला अगदीच परकी नाही. जमिनीपासून विकासाचा हक्क सुटा करून तो कागदावर दुसरीकडे नेणे, म्हणजेच टीडीआर, महाराष्ट्रातील शहरांत अनेक वर्षे चालू आहे. वारसावास्तूच्या मालकाला तर इमारत न पाडता, मालकी न सोडता, गमावलेल्या बांधकामाच्या बदल्यात टीडीआर मिळू शकतो. तत्त्व तेच आहे. परंतु कासच्या गवताला टीडीआर देऊन तो साताऱ्यात कोण घेणार, हा प्रश्न राहतोच, म्हणून मला रोख मोबदलाच बरा वाटतो. समजा, शहरात २५,००० नळजोडण्या धरल्या आणि प्रत्येकीमागे पाणीपट्टीत वर्षाला १०० रुपये वेगळे काढले, तर २५ लाख रुपये होतात. त्यातून पाणलोटातील निवडक गटांना दरवर्षी एकरी ठरावीक रक्कम देणारे दहा-पंधरा वर्षांचे करार करता येतील. सर्वसाधारण सभेचा ठराव, अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षक आणि शासनाची मंजुरी, इतके त्यासाठी लागेल. एकदम कायमचा हक्क विकत घेण्याच्या मागे लागू नये. तेवढा पैसाही नाही आणि न्यायालयात टिकलेला दाखलाही हाताशी नाही.

वन्यजीव कायद्यातील ‘समुदाय राखीव क्षेत्र’ हा आणखी एक मार्ग २००२ च्या दुरुस्तीने आला. मालकांनी स्वेच्छेने जमीन दिली, तर शासन ते क्षेत्र जाहीर करते, मालकी बदलत नाही, आणि व्यवस्थापन समितीचा ठराव व राज्य शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. कायद्याने बांधणारा, मालकी न हिरावणारा आणि मालकाच्या राजीखुशीने येणारा असा हा आपल्याकडचा सर्वांत जवळचा प्रकार आहे. त्यात पैसा मात्र नाही, आणि त्यामुळे तो एकट्याने पुरत नाही.

प्रश्न : आटपाडी तालुक्यातील आमच्या गावच्या गायरानावर अतिक्रमणे वाढत आहेत. ग्रामपंचायतीने गायरानावर असे ईझमेंट करून ठेवले तर ते वाचेल काय?
— ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : त्याचा उपयोग नाही आणि गरजही नाही. ईझमेंट खाजगी मालकाने आपला हक्क सोडण्यासाठी असते. गायरान ही शासनाची जमीन असून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेली असते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग प्रकरणातील निर्णय २८ जानेवारी २०११ चा आहे आणि त्याला अनुसरून राज्याचा शासन निर्णय १२ जुलै २०११ चा. आपल्याला नव्या कागदाची नव्हे, मोजणीची गरज आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत, आणि खरसुंडीच्या जत्रेला येणारी जनावरे जेथे उतरतात तो भाग ठरावात वेगळा नमूद करावा.

प्रश्न : कवठेमहांकाळ तालुक्यात वडिलोपार्जित माळ आहे. एका संस्थेच्या सांगण्यावरून भाऊ ‘कायमचा संवर्धन करार’ करायला निघाला आहे. आम्ही दोघी बहिणी सासरी आहोत. त्याला एकट्याला असे करता येते काय? आणि नातवंडांचे हात आपण आजच बांधावेत, हे योग्य आहे काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : एकट्याला करता येत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील २००५ साली हयात नसले तरी तो हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. पूर्वी हक्कसोडपत्र करून दिले नसेल किंवा डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झाली नसेल, तर आपणां दोघींच्या सहीवाचून मिळकतीवर कायमचा भार टाकणारा दस्त दुबळा ठरेल. सही मागितली तर भावाशी वाईटपणा येईल म्हणून ती करून टाकू नये. कागद वाचायला आठ दिवस मागावेत.

नातवंडांच्या प्रश्नावर मी भावाच्या बाजूने अर्धाच उभा आहे. गुंठ्यांनी विकलेला माळ नातवाला परत मिळत नाही, म्हणजे हात त्यानेही बांधले जातातच. मात्र अमेरिकेत मालक कायमचे बांधून घेतो तेव्हा त्याला त्याचा मोबदला किंवा करसवलत मिळते; सवलतीची अटच मुळी निर्बंध कायमचा असण्याची आहे. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे आणि असा हक्क सोडल्याबद्दल वेगळी सवलत नाही. मग कायमचे कशासाठी? पंधरा वर्षांचा, वार्षिक मोबदल्याचा आणि मुदतीअखेर पुन्हा बोलण्याची सोय असलेला करार संस्थेला चालत नसेल, तर का चालत नाही हे तिने लेखी सांगावे.

संस्थेविषयीही चौकशी करावी. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून तिच्या नोंदणीचा उतारा घ्यावा आणि विश्वस्त कोण आहेत ते पाहावे. संस्था बंद पडली तर हक्क कोणाकडे जाईल, याचे कलम अमेरिकी दस्तांत असते. भावाच्या कागदात ते आहे का, हे शोधावे. आणि दुसरीकडे कोठे त्यांनी असा करार केला असेल, तर मागील तीन वर्षांच्या पाहणीची वही दाखवायला सांगावे : कोण गेले, कोणत्या तारखेला गेले, कोठे उभे राहून छायाचित्र काढले. वही नसेल, तर सही पुढच्या वर्षावर ढकलावी.